ये-जा म्हणजे परतणं नव्हे

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. युगांडातल्या पालोरिन्या निर्वासित वसाहतीतला तो माणूस दर दोन-तीन महिन्यांनी सीमा ओलांडून मायदेशी, दक्षिण सुदानातल्या काजो केजीला जातो. मग तो निर्वासित कसा आणि हे वर कळवू का, असं विचारतेस. कळवू नकोस. आधी ऐक.

ये-जा म्हणजे परतणं नव्हे. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मायदेशी स्वखुशीनं पुन्हा स्थायिक झालेल्याचा निर्वासित दर्जा संपतो. स्थायिक! कसावा काढायला, कुणाच्या मातीला, छप्पर जागेवर आहे का बघायला गेलेला माणूस स्थायिक झाला का? दक्षिण सुदानच्या यादवीतला 2015 चा शांतता करार जुलै 2016 मध्ये राजधानी जुबात मोडला, ते या लोकांनी भोगलंय. मग 2018 च्या नव्या शांतता कराराच्या भरवशावर सगळं घरदार पणाला कसं लावतील? म्हणून मुलं युगांडातल्या शाळेत, आजी शिध्यापाशी आणि एक जण तिकडे जमिनीवर, नाहीतर जमिनीत दुसराच कुणी बसेल. शिधा तरी भरवशाचा कुठे आहे? एप्रिल 2020 मध्ये तोही 30 टक्क्यांनी कापला. उद्याचं काही ठरत नाही, म्हणून ते दोन्ही चुली धरून ठेवतात. दसऱ्याला गावी जाऊन आलीस म्हणून तुझी पुण्यातली खोली सुटली का?

चिडले, माफ कर. ही चूक मी स्वतः केलीय.

2018 मध्ये निर्वासितांच्या नोंदींची पडताळणी झाली, तेव्हा एका घरातला नवरा हजर नव्हता. बायको म्हणाली, भुईमूग पेरायला गेलाय. मी 'कायमचा परतला' लिहिलं. पोती घेऊन तो आला तेव्हा त्याचं नाव कापलेलं होतं. ती मला काही बोलली नाही. नोंदी फुगलेल्या होत्या हे खरं. त्या वर्षी युगांडातल्या निर्वासितांचा आकडा साधारण 14 लाखांवरून 11 लाखांवर आला. माझ्यावर दबाव होता, रकाने दोनच होते, 'आहे' आणि 'परतला'. तरी कागदाला समास होता. तिथे एक ओळ लिहिता आली असती.

ये-जा म्हणजे परतणं नव्हे, हे तुझ्या वरिष्ठांनाही सांग. रागावले तर रागावू देत. उद्या त्या घरी पुन्हा जा, पेरणी काय केली ते विचार आणि समासात लिही: शेतावर गेला आहे, येणार आहे.

तुझी,
ताई