रोज आरामात पळतो, मग टेम्पो रन कशाला करायचा?

आरामात पळून दम वाढतो, ते सोडू नकाच. पण शर्यतीचा वेग शेवटपर्यंत टिकवायचा असेल तर टेम्पो रन हवा, म्हणजे कष्टाच्या पण टिकवता येईल अशा एकसारख्या वेगाने पळणं. वेग वाढला की स्नायूंत लॅक्टेट (साखर वापरताना तयार होणारा पदार्थ) जास्त तयार होतं. एका मर्यादेपर्यंत शरीर तेच इंधन म्हणून वापरून टाकतं. ती ओलांडली की ते रक्तात साठत जातं आणि तो वेग फार वेळ झेपत नाही. टेम्पो रन या मर्यादेच्या आसपास होतो, त्यामुळे काही आठवड्यांत मर्यादाच वर सरकते. काल धाप लावणारा वेग मग बराच सोपा वाटतो.

वेग कसा ओळखायचा? जीव तोडून पळालात तर साधारण तासभर टिकेल तेवढा. घड्याळ नसलं तरी चालेल: दोन-चार शब्द बोलता येतात, पण गप्पा मारता येत नाहीत, म्हणजे बरोबर. बहुतेक जण इथेच जोशात येऊन शर्यत लावतात आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत.

आधी १० मिनिटं हळू पळा, मग २० मिनिटं टेम्पो. आठवड्यातून एकदा पुरे. नुकतंच पळायला लागला असाल तर अजून थांबा.