आर१५वर सामान कुठं बांधू?

प्रश्न : यामाहा आर१५ या स्पोर्ट्स बाइकवरून पुणे-निपाणी-आंबोलीमार्गे गोव्याला जायचंय. कॅरियर नाही. सामान कसं न्यावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कॅरियरच्या भानगडीत पडू नका. मागच्या सीटवर टेल बॅग पट्ट्यांनी आवळा. हुकाची रबरी दोरी नकोच. खड्ड्यात हूक निसटला की ती थेट चेनमध्ये जाते. नट-बोल्टचे पाने, बाटली अशा जड वस्तू तळाशी, तुमच्या बाजूला ठेवा. बाजूला लटकणारी बॅग असेल तर गाडीवर बसून मागचं सस्पेन्शन दाबून पाहा : बॅग सायलेन्सरपासून चार बोटं लांबच राहिली पाहिजे.

पाठीवर सॅक तर अजिबात घेऊ नका. वाकून बसल्यानं तिचा भार मनगटांवर येतो, साताऱ्यापर्यंतच हात भरून येतात. हातांवर भार येऊ नये म्हणून गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी धरा. आंबोलीत पावसाळ्यात धो-धो कोसळतो, म्हणून कपडे आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.