सकाळी पाहावं तर कोरल वाळूत

प्रश्न : माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मॉन्टीपोरा या कठीण कोरलचे (प्रवाळाचे) तुकडे आणि एक मश्रूम कोरल आहे. सुपरग्लूने खडकावर चिकटवते, पण सकाळी पाहावं तर तुकडे वाळूत पडलेले. मश्रूम तर तासभरही टिकत नाही. ग्लू बदलू का? आणि त्याचा माशांना त्रास होत नाही ना?

उत्तर : ग्लू बदलण्याआधी पडलेला तुकडा उलटा करून बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळेल. बुडाला ग्लूचा गोळा आहे आणि त्यावर हिरवट-तपकिरी थर आलाय? मग ग्लू खडकाला चिकटलाच नव्हता, खडकावरच्या शेवाळाला चिकटला होता. गोळा गुळगुळीत, चकचकीत असेल, तर तो खडकाला टेकण्याआधीच त्यावर साय धरली. आणि बूड कोरं, ग्लू मात्र खडकावरच राहिलाय, तर तुकडा ओला नाहीतर बुळबुळीत होता.

ही साय धरते कारण सुपरग्लू, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, वाळून नव्हे तर ओलाव्यामुळे घट्ट होतो. पाण्यात गेल्या गेल्या बाहेरून पापुद्रा येतो, आत तो मऊच असतो. नुसतं टेकवून सोडलं तर पापुद्रा खडकाला लागतो, ग्लू लागतच नाही. म्हणून दाबायचं आणि दाबतानाच थोडं पिळायचं, म्हणजे पापुद्रा फाटून आतला ग्लू खडकाच्या भोकांत शिरतो. तुम्ही पातळ ग्लू वापरत असाल तर तो मात्र बदलाच. पाण्याखाली जेलच हवा.

मी पंप बंद करते, जुन्या टूथब्रशने जागा खरवडते आणि बोटाने चाचपून एखादा खळगा शोधते. तुकड्याचं बूड टिश्यूने टिपून कोरडं करायचं, त्यावर वाटाण्याएवढा जेल, लगेच पाण्यात, दाब, पीळ, आणि अर्धा मिनिट हात हलवायचा नाही. नंतर ओढून बघायचा मोह आवरा. बरेच तुकडे त्या ओढण्यानेच सुटतात. दहा-पंधरा मिनिटांनी पंप सुरू करा. पुन्हा चिकटवताना जुना ग्लू आधी खरवडून काढा.

जड तुकड्याला नुसता जेल पुरत नाही. तिथे दोन भागांची एपॉक्सी पुट्टी हातमोजे घालून एकसारखा रंग येईपर्यंत मळा. पुट्टी स्वतः फारशी चिकटत नाही, ती फक्त खाचा भरते. त्यामुळे तिच्या दोन्ही अंगांना जेल लावा : खडक, जेल, पुट्टी, जेल, कोरल. पुट्टीनंतर स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, वेड्यासारखा फेस काढू शकतो. घाबरू नका, पण फेस साठतो त्या कपावर लक्ष ठेवा.

माशांची काळजी नको. घट्ट झालेला जेल पाण्यात निरुपद्रवी असतो. याच कुळातले ग्लू डॉक्टर जखमा बंद करायलाही वापरतात.

मश्रूमचा मामला वेगळा. तो अंगावरची बुळबुळ टाकतो, ग्लू तिच्याबरोबर निघून जातो, आणि साहेब मोकळे! त्याच्यावर ग्लू वाया घालवू नका. एका वाटीत खडकाचे बारीक तुकडे घाला, त्यांवर मश्रूम ठेवा, वर जाळी बांधा आणि वाटी कमी प्रवाहाच्या, मंद उजेडाच्या जागी ठेवा. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत तो एखादा खडा आपणच धरतो. मग तो खडा चिकटवायचा. दोरा किंवा रबर बांधायचा सल्लाही मिळेल. मला तो पटत नाही, मऊ अंग कापलं जातं.

सगळं नीट करूनही तुकडे पडत असतील, तर रात्री टॉर्च घेऊन टँकपाशी जा. गोगलगायी, हर्मिट खेकडे आणि विशेषतः समुद्री साळिंदर सैल दिसेल ते ढकलत फिरतात. मॉन्टीपोराचं बूड खडकावर पसरून कडेने नवी किनार दिसू लागली, की त्यांची भीती उरत नाही. तोवर तुकडा त्यांच्या वाटेतून बाजूला, पण थेट झगझगीत दिव्याखाली नको.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. पुढे झोअँथस (बटणांच्या झुपक्यासारखे दिसणारे, कोरलसारखे जीव) चिकटवायची वेळ आली तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. ते जखमेतून शरीरात जाऊ शकतं, डोळ्यात उडालं तर दुखापत करतं, आणि असा खडक उकळला तर वाफेतूनही बाधतं.