अनोळखी शहरात भटकताना भिंतींवरची चांगली चित्रं कशी सापडतात? मुंबईत सुरुवात कुठून करावी?

वांद्र्यापासून करा. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून हिल रोडला लागा आणि चॅपल रोडमध्ये शिरा. रिक्षा नको, चालतच जा. चॅपल रोड, वरोडा रोड आणि त्यांना लागून असलेलं रानवार हा सगळा जुन्या गावठाणाचा भाग आहे. बाहेरून चढणारे लाकडी जिने, कौलं, दारासमोर क्रॉस आणि मधूनच उगवलेला एखादा नवा टॉवर. गल्ल्या अरुंद आहेत, त्यामुळे मोठं चित्र एका नजरेत मावत नाही. ते तिरकं दिसतं, तुकड्यातुकड्यांनी दिसतं, मध्ये कुणाची तरी स्कूटर उभी असते. मला ते तसंच आवडतं, कारण तिथलं चित्र आणि तिथलं राहणं वेगळं काढता येत नाही.

या भागात भिंती रंगवायची लाट आली ती 2007-08 च्या सुमारास, 'द वॉल प्रोजेक्ट' या भिंती रंगवणाऱ्या गटाच्या मंडळींमुळे. पुढे 2009 मध्ये त्यांनी महापालिकेच्या साथीने तुळशी पाईप रोडवरची, म्हणजे सेनापती बापट मार्गावरची, रेल्वेलगतची लांबलचक भिंत लोकांसाठी खुली केली. ज्याला वाटेल त्याने यावं आणि आपल्या वाट्याचा तुकडा रंगवावा. चित्रकलेचे विद्यार्थी आले तसे कधी ब्रश न धरलेलेही आले, शेकडो माणसं आली. सगळीच चित्रं चांगली नव्हती. पण रोज जिच्या बाजूने नाक दाबून जायचं, त्या भिंतीकडे माहीम-दादरची माणसं पहिल्यांदा मान वळवून बघायला लागली, आणि मला ती फार मोठी गोष्ट वाटते.

चॅपल रोडवर ज्याचं काम आवर्जून शोधावं तो चित्रकार म्हणजे रणजित दहिया. मूळचा हरियाणातल्या सोनीपतकडचा. घरांना चुना मारण्याच्या कामापासून त्याची सुरुवात झाली, पुढे चंदीगडला आणि मग अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकला. 2012 मध्ये त्याने 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू केला आणि जुन्या 'अनारकली' सिनेमाचं पोस्टर चॅपल रोडच्या भिंतीवर उतरवलं. एकेकाळी या शहरात सिनेमाची बॅनरं हाताने रंगवणाऱ्यांचे कारखानेच होते. डिजिटल फ्लेक्स आला आणि ते हात रिकामे झाले. दहियाच्या भिंतींकडे बघताना मला ती सगळी परंपरा परत उभी राहिल्यासारखी वाटते: तोच भडक निळा, तोच गालावरचा लाल-पिवळा उजेड. त्याचंच 2014 मधलं दादासाहेब फाळक्यांचं चित्र वांद्रे रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवर आहे. ते शंभर फुटांहून उंच आहे. जवळ गेलात तर नुसते रंगाचे पट्टे दिसतील, म्हणून ते लांबून, रस्त्यापलीकडून बघा. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसाने 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. ज्या शहरात त्याने सिनेमा रुजवला तिथे त्याचा चेहरा एवढा मोठा असावा, हे मला अगदी योग्य वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न: सापडतात कशी? मी चित्र शोधत नाही, भिंत शोधतो. शहरात कोरी, मोठी, बिनखिडक्यांची भिंत कुठे असते याचा विचार करा. शेजारची इमारत पाडली की उघडी पडलेली बाजू. रेल्वेच्या, गोदीच्या, गिरणीच्या कुंपणभिंती. पंपहाऊस, वीज उपकेंद्रं, सरकारी वसाहतींच्या टोकाच्या भिंती. दुकानांच्या गल्लीत सकाळी लवकर किंवा सुट्टीच्या दिवशी जा, कारण शटर खाली असतं तेव्हाच त्यावरचं चित्र दिसतं. बसच्या खिडकीतून, पादचारी पुलावरून, लोकलच्या दारातून वरच्या मजल्यांकडे बघा. कोपऱ्यात सही असते, बऱ्याचदा सालही असतं. आणि चित्राखाली जो बसलेला असेल, मग तो चहावाला असो, इस्त्रीवाला असो की पायरीवरच्या आजी, त्यांना विचारा. कुणी काढलं, परांची किती दिवस उभी होती, सोसायटीत कोण नको म्हणत होतं, हे सगळं त्यांना माहीत असतं आणि सांगायला आवडतंही. फक्त लक्षात ठेवा की ती भिंत कुणाच्या तरी घराची आहे. दारात उभं राहून अर्धा तास फोटो काढू नयेत.

कुलाब्याचा ससून डॉकही बघाच. 1875 चा हा धक्का, पहाटे मासळीचा लिलाव, बर्फाच्या गाड्या, कोळणींचा आवाज. 2017 च्या अखेरीस 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने तिथल्या गोदामांत मोठं कलाप्रदर्शन भरवलं. धक्क्यावर काम करणाऱ्या माणसांचे मोठमोठे काळे-पांढरे चेहरे भिंतींवर चिकटवले होते. पाहुणे ज्या नामांकित कलाकृती बघायला आले होते त्यांपेक्षा ते चेहरे मला जास्त भिडले, कारण त्या चेहऱ्यांची माणसं समोरच कोळंबी सोलत होती. चर्चगेट स्टेशनच्या दर्शनी भिंतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राने 2018 मध्ये काढलेले रंगीत चौकटींतले गांधीजी तर ऑफिसला जाताना हजारो लोकांना दिसतात. त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको, येता-जाता बघा.

कधी दिल्लीला गेलात तर लोधी कॉलनी चुकवू नका. खन्ना मार्केट ते मेहरचंद मार्केट हा पट्टा. 1940 च्या दशकातली सरकारी घरं, एकसारख्या इमारती, उंच कमानी, रुंद रस्ते आणि दोन्ही बाजूंना झाडं. भिंती जमिनीपासून सुरू होतात, त्यामुळे चित्राला हात लावण्याइतकं जवळ जाता येतं. तिथे लेडी आयको या जपानी चित्रकर्तीने आपली झाशीची राणी रंगवली आहे. तांब्यांची मनू न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तयार झालेल्या स्टेन्सिलच्या, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग उमटवण्याच्या, शैलीत बघताना मराठी माणसाला वेगळंच वाटतं. 'डाकू' या टोपणनावाच्या कलाकाराने तिथेच सावल्यांचं काम केलं होतं: भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली अक्षरं, आणि ऊन चढलं की त्यांच्या सावलीतून भिंतीवर उमटणारे शब्द. सूर्य सरकला की शब्दही सरकत विरतात. इतकी साधी आणि इतकी नेमकी कल्पना मी रस्त्यावर क्वचितच पाहिली आहे.

एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. आपल्याकडे शहर सुशोभित करायचं ठरलं की उड्डाणपुलाच्या खांबांवर तारपा नाचणाऱ्या वारली आकृत्या काढून टाकतात. मला याचा त्रास होतो. डहाणू-पालघरकडे ही चित्रं गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढतात. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणते, आणि मगच लग्न लागतं. ते भिंतीवरचं चित्र घराचं आणि त्या दिवसाचं असतं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तीच रेषा कागदावर आणून जगभर नेली, तेव्हा तिच्यातला जीव कायम राहिला. खांबावर मात्र ठेकेदाराचा रंगारी साच्याने तीच पाच माणसं पुन्हापुन्हा उमटवतो. वारली चित्रकारांनाच बोलवा, नाव लिहा, मोबदला द्या आणि त्यांना हवं ते काढू द्या, एवढीच माझी मागणी आहे.

शेवटी वेळेचं. मुंबईत पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फिरायला बरं. चार महिन्यांच्या पावसात गिलावा फुगतो, शेवाळ चढतं, आणि बरीच चित्रं दोन-चार वर्षांत ओळखू येईनाशी होतात. काहींवर नवा रंग लागतो, काहींची इमारतच पुनर्विकासात जाते. म्हणून इंटरनेटवरच्या जुन्या फोटोवर विसंबून फार लांब जाऊ नका; आधी अलीकडचा फोटो शोधा. आणि तुम्ही काढाल त्या फोटोत आजूबाजूची गल्ली येऊ द्या, खाली तारीख आणि चित्रकाराचं नाव लिहा. पुढच्या वर्षी तिथे ती भिंत नसेल तर निदान कुठे काय होतं हे कुणाला तरी शोधता येईल.