"चूक कोणाची ते आधी ठरवा, मॅडम"

मुलाचं वजन वाढलं म्हणून माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या बहुतेक आईवडिलांना आहाराच्या तक्त्याआधी निकाल हवा असतो: चूक कोणाची? डोंबिवलीचं हे जोडपंही (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तोच मागायला आलं होतं. मुलगा सातवीत. वजन लठ्ठपणात मोडतं असं डॉक्टरांनी सांगितलेलं, थायरॉईड वगैरे तपासण्या व्यवस्थित.

आईचं म्हणणं, "शाळेसमोरच्या दुकानात हे सगळं मिळतंच कसं? सरकार बंद का करत नाही?" बाबांचं म्हणणं, "सरकार काय याच्या तोंडात घास भरवायला येतं? जिभेवर ताबा नको? आम्ही नाही का वाढलो?" मुलगा खुर्चीच्या हाताचं रेक्झिन नखाने सोलत बसला होता.

गंमत अशी, की बाबांची बिस्किटं, चिप्स आणि कोल्ड्रिंकची एजन्सी. हे त्यांनी जरा उशिराच सांगितलं. मी त्यांना विचारलं, हा माल खपवतात कसा? माणूस एकदम खुलला. पाच-दहाचं पाकीट पोरांच्या खाऊच्या पैशांवर बेतलेलं असतं. पाकिटांच्या माळा दुकानाच्या तोंडाशीच टांगायच्या, मुलांचा हात पोचेल अशा. फ्रीज कंपनी देते, पण तो दर्शनी भागात ठेवायचा आणि त्यात दुसऱ्या कंपनीची बाटली दिसता कामा नये. वर दुकानदाराला स्कीम: अमुक बॉक्स उचलले की एक फुकट. शाळा सुटायच्या वेळेआधी फ्रीज भरलेला असला पाहिजे, हेही त्यांनीच सांगितलं.

धंद्यात मुरलेल्या मोठ्या माणसांनी इतक्या बारकाईने मांडलेल्या डावात बारा वर्षांच्या पोराने, खिशात वीस रुपये असताना, रोज एकट्याने जिंकावं, ही अपेक्षा मला पटत नाही. जबाबदारी असतेच, पण ज्याच्या हातात जेवढं असतं, तेवढीच. हे मी बाबांना सांगितलं. आवडलं नाही त्यांना.

आईलाही मी सोडलं नाही. नियम आहेत की! 2017 साली महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, कोल्ड्रिंक असले पदार्थ ठेवायला मनाई केली. 2020 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरासाठी नियम काढला: जास्त चरबी, मीठ किंवा साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शाळेतल्या पालकसभेत कधी विषय निघाला होता का? नाही. आणि घरातल्या कपाटाला तर कुठलाच नियम लागू नाही. एजन्सीतला एक्स्पायरी जवळ आलेला माल घरीच येत होता. आई ऑफिसातून आठला परतते, तोवर पोराचा सोबती म्हणजे ते कपाट. त्यात जेवताना "ढोल्या, पुरे आता" ऐकू आलं की ताटात अन्न टाकून तो उठायचा आणि रात्री पांघरुणात पाकीट फोडायचा. गादीखाली सापडलेले कागद आईने मला फोटो काढून दाखवले. मुलाला लाजवलं की तो कमी खातो हा समज फार चिवट आहे. तो कमी खात नाही, लपून खातो.

कराचा विषय बाबांनीच काढला. "40 टक्के जीएसटी आहे कोल्ड्रिंकवर, अजून काय पाहिजे?" खरं आहे. पण आधीही 28 टक्के जीएसटी अधिक 12 टक्के सेस (वरचा उपकर) मिळून 40च होता, आणि सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं-फरसाण 5 टक्क्यांवर आलं. शिवाय बाटलीत साखर कमी असो वा जास्त, दर तोच. ब्रिटनने 2018 मध्ये कर साखरेच्या प्रमाणावर लावला, तेव्हा तो लागू व्हायच्या आधीच बऱ्याच कंपन्यांनी पेयातली साखर उतरवली. प्यायची ती बाटली लोक पीतच राहिले, साखर मात्र कमी गेली. असा कायदा मला मोलाचा वाटतो, कारण तिथे कुणाच्या निग्रहाची परीक्षा होत नाही.

घरी आम्ही थोडंच बदललं. एजन्सीचा माल घरात आणायचा नाही. मुलासाठी वेगळं ताट नाही, सगळ्यांना एकच स्वयंपाक. वजनाबद्दल जेवताना अवाक्षर नाही. संध्याकाळी आजी उसळ किंवा थालीपीठ समोर ठेवते. रविवारचा वडापाव चालू आहे, आणि तो मी बंद करणारही नाही. काही महिन्यांत वजन होतं तिथेच थांबलं, उंची वाढली. वाढत्या वयात पुष्कळदा एवढंच साधायचं असतं.

मग एकदा बाबा एकटेच आले. शाळेसमोरच्या त्या दुकानाला त्यांचीच गाडी माल द्यायची. ती त्यांनी थांबवली. आठवड्याच्या आत दुसऱ्या एजन्सीचा फ्रीज त्याच जागी लागला. "मी नुकसान सोसलं आणि पोरांना कळलंसुद्धा नाही," ते वैतागून म्हणाले. मी त्यांना तो 50 मीटरचा नियम छापून दिला. शाळेला द्यायचा अर्ज आईने लिहिला. फाटकापासून दुकानापर्यंतचं अंतर टेप लावून बाबांनीच मोजलं आणि अर्जात घातलं. खाली दोघांच्या सह्या आहेत. शाळेचं उत्तर अजून यायचं आहे.