वाचकांचे प्रश्न : रात्रीच्या जेवणाचा रस्सा

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. मुलांना रस्साभाजी आवडते, परंतु रोज कांदा-खोबरे भाजून वाटणे जमत नाही. आठवड्याचे वाटण एकदम करून ठेवले, तर तिसऱ्या दिवशीच त्याला वास येतो. सासूबाईंना तिखट सोसत नाही, ही आणखी एक अडचण आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण वाटणात बहुधा ओला नारळ वापरत असाल. ओल्या खोबऱ्यात पाण्याचा अंश फार असल्यामुळे ते फ्रिजमध्येही दोन दिवसांपलीकडे भरवशाचे राहत नाही, म्हणून साठवणीचे वाटण सुक्या खोबऱ्याचेच करावे. चार मध्यम कांदे उभे चिरून थोड्या तेलावर तांबूस परतावेत आणि वाटीभर सुक्या खोबऱ्याचा कीस मात्र वेगळा, मंद आचेवर भाजावा, कारण तो कांद्याच्या कितीतरी आधी करपतो आणि करपलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा कोणत्याही मसाल्याने झाकता येत नाही. त्यात आठ-दहा लसूण पाकळ्या आणि पेरभर आले घालून, सगळे पूर्ण गार झाल्यावरच वाटावे. वाटण गरम असतानाच डब्यात भरले, तर झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी ते बिघडवते. मिक्सर फिरत नसेल, तर पाण्याऐवजी चमचा-दोन चमचे तेल घालावे. कोथिंबीर यात मुळीच वाटू नये, ती आयत्या वेळी घालावी. चार दिवस पुरेल एवढे वाटण फ्रिजमध्ये ठेवून उरलेले बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावे. असे गोठवलेले वाटण तीन-चार आठवडे चांगले राहते.

वाटण एकच असले, तरी रोजची चव वेगळी ठेवता येते, कारण ती पुढे घालावयाच्या मसाल्यावर ठरते. बटाटा-वांग्याच्या रश्श्यात गोडा मसाला, दाण्याचे कूट आणि गुळाचा खडा घालावा. मटकीच्या उसळीला कांदा-लसूण मसाला आणि अंड्यांच्या रश्श्याला मालवणी मसाला वापरावा. फोडणीत वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतणे आणि नंतर गरम पाणीच घालणे या दोन गोष्टींत घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वाचवायचा तो वेळ वाटणाचा, परतण्याचा नव्हे.

सासूबाईंसाठी वेगळी भाजी करण्याची गरज नाही. सगळा रस्सा सौम्य शिजवून त्यांचा वाटा आधी काढून ठेवावा. मग दोन चमचे तेल तापवून गॅस बंद करावा आणि तेल जरा निवल्यावर त्यात तिखट घालून तो कट उरलेल्या रश्श्यावर ओतावा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, त्यामुळे ब्याडगीचे तिखट वापरल्यास मुलांनाही न झोंबता रश्श्याला लालभडक तवंग येतो. आणि वाटण रोजच हवे असे नाही. चिंच-गूळ घातलेली तुरीच्या डाळीची आमटी आणि वाफाळता भात हेही पूर्ण जेवण आहे. आठवड्यातील दोन रात्री तरी त्यासाठी राखून ठेवाव्यात.

प्रश्न : हरभऱ्याच्या उसळीत मी टोमॅटो आणि आमसूल सुरुवातीलाच घालते. कुकरच्या सहा-सात शिट्ट्या होऊनही दाणा टणक राहतो.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आंबट पदार्थामुळे कडधान्याचे दाणे मऊ पडत नाहीत. हरभरे रात्रभर भिजवून, आधी नुसत्या पाण्यात बोटाने दाबले जातील इतके शिजवावेत आणि टोमॅटो, आमसूल किंवा चिंच त्यानंतरच घालावी. बोअरचे जड पाणी किंवा जुने कडधान्य यांमुळेही हेच घडते. तेव्हा शिजवण्यापुरते तरी आरओ गाळणयंत्राचे पाणी घ्यावे. सोड्याने दाणा लवकर शिजतो, हे खरे. पण चव बिघडते आणि ब जीवनसत्त्वांपैकी काही नष्ट होतात, म्हणून मी त्याची शिफारस करीत नाही.

प्रश्न : ताकाची कढी दर वेळी फुटते.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चार वाट्या ताकाला दोन चमचे बेसन घेऊन ते गार ताकातच, गुठळी न राहता घुसळावे. कढी मंद आचेवर ठेवून पहिली उकळी फुटेपर्यंत सतत ढवळावी आणि नंतर बेसनाचा कच्चेपणा जाईपर्यंत बारीक आचेवरच राहू द्यावी. खळखळा उकळू नये. दुसऱ्या दिवशी गरम करतानाही आच मंदच ठेवावी.