गाडी खळ्यातच, मग रिकॉल कसला?

प्रश्न: आमची इलेक्ट्रिक गाडी दीड वर्षाची. मागच्या महिन्यात कंपनीचा मेसेज आला की रिव्हर्स टाकल्यावर कॅमेऱ्याची स्क्रीन कधीकधी काळी पडते म्हणून रिकॉल आहे. सासऱ्यांना वाटलं गाडी परत नेतात की काय! प्रत्यक्षात गाडी खळ्यातून हलली पण नाही, रात्री अपडेट आला नि झालं. मग रिकॉल कशाला म्हणायचं? उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक भाव पाडणार ना? – एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर: ताई, टेस्ला या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचे इलॉन मस्क पण २०२३ मध्ये हेच म्हणाले होते, हवेतून, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या अपडेटला रिकॉल म्हणणं चूकच. आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत टेस्लाच्या जवळजवळ २२ लाख गाड्यांचा रिकॉल निघाला, कशासाठी तर ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) यांच्या इशाऱ्याची अक्षरं स्क्रीनवर नियमापेक्षा बारीक होती म्हणून! अपडेटने अक्षरं मोठी केली, विषय संपला. हसू येतं खरं, पण मला तरी तो शब्द राहावा असंच वाटतं.

कारण गाडी कुठे गेली याच्याशी रिकॉलचा संबंधच नाही. गाडीत सुरक्षेचा दोष आहे हे कंपनीने कबूल केलं आणि तो फुकट काढून देणार, एवढाच अर्थ. अमेरिकेत मालकाला पत्र धाडावं लागतं, किती गाड्या दुरुस्त झाल्या त्याचा हिशोब सरकारला द्यावा लागतो. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम आलंय.

आणि तो हिशोब आपल्याकडे जास्तच हवा. माझ्या मामाचं घर वेळणेश्वरला उताराखाली, पावसात लाईट गेली की रेंज पण गेली, अपडेट तीन आठवडे अर्धवट लटकलेला. शेवटी पोरगा गाडी वर सड्यावर घेऊन गेला, मोबाईलचा हॉटस्पॉट लावून पाऊण तास करवंदीच्या जाळीपाशी बसला तेव्हा कुठे शंभर टक्के झाले. मेसेजमध्ये नुसतं 'अपडेट' असतं तर मामाने फोनवर करतो तसं 'नंतर' दाबून सोडून दिलं असतं. गाण्यांचं ॲप, नवा मॅप, त्याला रिकॉल कोणी म्हणतही नाही.

भावाचं म्हणाल तर अपडेट पूर्ण झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा, सर्व्हिस सेंटरकडून कागदावर पण घ्या, तो दाखवला की गिऱ्हाईकाला बोलायला जागा राहत नाही. आणि आज संध्याकाळी चारपाचदा रिव्हर्स टाकून बघा, स्क्रीन दरवेळी लागते ना ते.